मागच्या चाकाचा वाद

खडकवासल्याची चौपाटी मागे पडली आणि डोणज्याच्या अलीकडे माझं मागचं चाक त्या सकाळी दुसऱ्यांदा बसलं. पहिल्यांदा बसलं ते नांदेड फाट्यापाशी. तेव्हा मी एकटा होतो, पुढे गेलेल्यांना गाठायची घाई होती. जुनी ट्यूब काढली, नवी घातली, पंप मारला, निघालो. टायरच्या आतून बोट फिरवून पाहायचं असतं हे मला माहीत आहे. माहीत असलेल्या गोष्टी घाईत कुठे जातात, ते माहीत नाही.

रस्त्याकडेच्या वडाच्या पारावर अण्णा आणि त्यांची भाची माझी वाट पाहत बसले होते. अण्णा आमच्या सोसायटीतले. वय सदुसष्ट, वीज मंडळातून निवृत्त. गेली दहा वर्षं ब्रेव्हे करतात. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत लांब अंतर कापायचं. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास, सहाशेला चाळीस. भाची सत्तावीस वर्षांची. ती शर्यतीत उतरते, आठवड्याला चार दिवस पहाटे पाचला घराबाहेर पडते, आणि मामाला सायकल चालवता येते पण सायकल कळत नाही, असं तिचं ठाम मत आहे. मामाचंही तिच्याबद्दल नेमकं हेच मत आहे.

मी सायकल ढकलत पारापाशी पोचलो आणि चूक केली. म्हणालो, "टायर बदलायला झालेत. रोजच्या सरावाला परवडेल असा कुठला घेऊ?"

"दीड-दोन हजारांचा घ्या, जाड घ्या, आणि विसरून जा," अण्णा म्हणाले.

"काका, अजिबात ऐकू नका," ती म्हणाली.

मग पुढचा पाऊण तास ते दोघं बोलत होते आणि माझं चाक दोघांच्या मधे आडवं पडलं होतं.

"सरावाचं गणित साधं आहे," अण्णांनी सुरुवात केली. "शर्यत वर्षातून तीनदा. सराव दोनशेदा. शर्यतीचा टायर दोनशे दिवस झिजवायचा म्हणजे लग्नातला शालू नेसून धुणी धुण्यातला प्रकार. पाच-सहा हजारांचा एक टायर! मागचा चार हजार किलोमीटरमध्ये चपटा होतो. किलोमीटरला सव्वा ते दीड रुपया. माझा अठराशेचा टायर पाच हजार किलोमीटर जातो. छत्तीस पैसे."

छत्तीस पैसे हा आकडा त्यांनी मनात केलेला नव्हता. त्यांच्याकडे वही आहे. टायर कधी घातला, कधी उतरवला, मधे किती पंक्चर, सगळं तारीखवार. वीज मंडळाच्या मीटर-नोंदीची सवय अशी सुटत नाही.

"आणि त्या अठराशेच्या टायरवर तुम्ही रोज किती शक्ती फुकट घालवता, ते वहीत आहे का?" तिने विचारलं. "काका, टायर रस्त्याला घासतो म्हणून अडवतो असं लोकांना वाटतं. तसं नसतं. टायर जमिनीला टेकतो तिथे चपटा होतो, पुढे गेला की परत गोल होतो. दर फेरीत रबर आणि आतलं कापड वाकतं, सरळ होतं, तापतं. आपण पायडलमधून घातलेली शक्ती त्या तापण्यात जाते. जाड रबर, भरड कापड, की जास्त तापणं. त्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तुम्ही आणि सायकल मिळून पंच्याऐंशी किलो धरा. भरभर लोळणाऱ्या टायरचा गुणांक 0.004 धरा, जाडजूड टायरचा 0.006. ताशी 25 च्या वेगाला फरक पडतो साडेअकरा वॉटचा."

"मग पडू दे की. सरावच आहे. जड टायरने जास्त व्यायाम होतो."

हे वाक्य मी अनेक सायकलवाल्यांकडून ऐकलंय, आणि मला स्वतःला ते पटतही होतं. पैलवान माती ओढतो, मग त्याला आखाडा हलका वाटतो, तशातलं. पण तिने ते दोन वाक्यांत मोडलं.

"मामा, तुमच्या हृदयाला टायर कुठला आहे हे कळत नाही. तुम्ही दीडशे वॉट लावलेत तर दीडशेच लावलेत; चांगल्या टायरवर थोडे पुढे जाल, वाईटावर थोडे मागे राहाल, व्यायाम तेवढाच."

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांचे डोळे बारीक झाले. "म्हणजे तूच सांगतेयस की सरावाला टायरने फरक पडत नाही."

मला हसू आवरेना. तिच्याच दोरीने तिला बांधलं होतं. एकट्याने, घड्याळ आणि हृदयाचे ठोके बघून सराव करणाऱ्याला हळू टायरचा काही तोटा नाही, हे तिच्याच बोलण्यातून निघत होतं. पण ती हार मानणाऱ्यातली नव्हती.

"एकट्याला पडत नाही. घोळक्यात पडतो. आमचा पहाटेचा ग्रुप कात्रजच्या जुन्या घाटाने जातो. घाट उतरून सपाटीला लागला की तिथे दहा-बारा वॉट म्हणजे पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटून राहणं किंवा सुटणं. एकदा सुटलं की पुढचे वीस किलोमीटर एकटीने वारा खायचा. आणि दुसरं, ज्याचं मोजमाप होत नाही. मऊ कापडाचा टायर खडबडीवर सळसळत जातो. तुमचा टायर खडखडत जातो. हौसेला मोल नाही, मामा. ज्या सायकलवर बसावंसं वाटतं, तीच पहाटे पाचला बाहेर निघते."

इथे टायरच्या कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण किमतीतला बराचसा फरक त्यात आहे आणि दुकानात ते कुणी दाखवत नाही. टायर म्हणजे नुसतं रबर नाही. आत नायलॉनच्या धाग्यांचं कापड असतं, त्यावर रबर चढवलेलं. एका इंचात किती धागे, यावरून टीपीआय हा आकडा येतो. साठचं कापड म्हणजे मांजरपाट, एकशेवीसचं म्हणजे मलमल. मलमल सहज वळते म्हणून पळते. मांजरपाट फाटत नाही म्हणून टिकतं. फक्त एक सावधगिरी. काही कंपन्या टायरच्या तळाशी एकावर एक येणारे तीन पदर एकत्र मोजून 180 लिहितात, म्हणजे प्रत्येक पदर साठचाच. आकडा खोटा नसतो, पण 120 च्या शेजारी 180 पाहून हुरळून जाऊ नये.

दुसरा फरक काठाचा. स्वस्त टायरच्या काठात पोलादी तार असते. महाग टायरच्या काठात ॲरामिडचा धागा, त्यामुळे तो घडी करून पाकिटात मावतो आणि काही ग्रॅम हलका होतो. अण्णा तारेचा घेतात. "घडी घालून मी कुठे नेणार आहे? कपाटात ठेवायचाय का?"

"सहाशेच्या ब्रेव्हेला जादा टायर बॅगेत घालता येतो," भाची म्हणाली.

"हं," अण्णा म्हणाले. हा मुद्दा तिला मिळाला.

"आणि वजनाचं म्हणाल," त्यांनी लगेच परतफेड केली, "तर दोन टायर मिळून दोनशे ग्रॅम वाचवलेस. पंच्याऐंशी किलोत दोनशे ग्रॅम म्हणजे पाव टक्क्याहून कमी. सिंहगड चढायला मला तास लागतो. तासाचा पाव टक्का किती? नऊ सेकंद. वर पोचल्यावर मी दही आधी मागवू की भजी, यात मिनिट घालवतो."

एवढं बोलून होईपर्यंत तिने माझ्या चाकातून ट्यूब बाहेर ओढली होती. फुगवून कानाशी नेली, गालाशी फिरवली. टबातले बुडबुडे पाहायची सोय पारावर नव्हती. गालाला वारा लागला तिथे तिने बोट ठेवलं. मग ट्यूब टायरवर धरली, वॉल्व्हच्या जागी वॉल्व्ह, आणि म्हणाली, "इथे. किंवा वॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला, तेवढ्याच अंतरावर."

हे तिला कसं कळलं? टायरवरचं कंपनीचं नाव ती नेहमी वॉल्व्हच्या समोर आणून बसवते. माझा टायरही उन्हाळ्यात तिनेच बसवला होता. अण्णा या प्रकाराला आजवर 'नट्टापट्टा' म्हणत आले होते. पण नाव आणि वॉल्व्ह एका जागी असले की ट्यूबमधल्या भोकावरून टायरमधला काटा कुठे असेल ते थेट सापडतं. सबंध टायर चाचपावा लागत नाही. अण्णांनी काही न बोलता खिशातून कापसाचा बोळा काढला आणि तिने दाखवलेल्या जागी टायरच्या आतून फिरवला. पहिल्या जागी काही नाही. दुसऱ्या जागी बोळ्याचे तंतू अडकले.

"बोटाने शोधाल तर बोटात घुसेल. कापसाला आधी कळतं."

मग त्यांनी बायकोचा भुवया कोरायचा चिमटा काढला आणि आतून एक तार ओढली. केसाएवढी जाड, जेमतेम तीन-चार मिलिमीटर लांब. ट्रकच्या रेडियल टायरमध्ये अशा पोलादी तारा असतात. टायर फुटला की त्या रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि सायकलवाला कडेनेच जातो. अशी तार टायरमध्ये रुतून बसते, बाहेरून दिसत नाही, आणि हळूहळू आत सरकत राहते. माझी नांदेड फाट्यावरची ट्यूब आणि ही दुसरी, दोन्ही हिनेच घेतल्या होत्या.

अण्णांनी तार एका छोट्या डबीत टाकली. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी. त्यांनी ती पारावर उपडी केली: अशाच आठ-दहा तारा, बाटलीच्या काचेचे कण, बाभळीचं एक टोक, स्टेपलरची एक पिन आणि पाच सराटे.

"हा माझा ग्रंथ," ते म्हणाले. "यातले दोन सोडून सगळे मागच्या चाकातले. वजनाचा साठ टक्के भार मागे असतो. शिवाय पुढचं चाक काटा उभा करून देतं आणि मागचं त्यावर चढतं. पावसाळा संपला की सराटे वाळून टणक होतात. पावसात काच जास्त घुसते, कारण ओलं रबर सहज कापलं जातं. लिंबू कापताना सुरी ओली असली की कशी जाते? तसंच. आता मला सांग, तुझ्या त्या मलमलीच्या टायरने यातलं काय थांबवलं असतं?"

"तार कुणीच थांबवत नाही."

"तार नाही. बाकीचं?"

ती गप्प राहिली. आणि मग मामांनी तो विषय काढला, जो मला वाटतं ते मघापासून राखून ठेवत होते. "मागच्या मंगळवारी काय झालं ते सांग काकांना."

मंगळवारी तिचे इंटरव्हल होते. आठ मिनिटं जीव तोडून, चार मिनिटं सावकाश, असं पाच वेळा. तिसऱ्या आठ मिनिटांत पंक्चर. ट्यूब बदलली. चौथ्याच्या आधी पुन्हा. दुसरी जादा ट्यूब नव्हती. ती सायकल टेम्पोत टाकून घरी आली, ऑफिसला उशिरा पोचली, आणि त्या आठवड्याचा सगळ्यात महत्त्वाचा सराव बुडाला.

"टेम्पोवाल्याने किती घेतले?"

"चारशे."

"म्हणजे त्या दिवशी तुझा किलोमीटर केवढ्याला पडला? चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

हा वार जिव्हारी लागला. माझं स्वतःचं मतही इथेच पक्कं झालं. सरावाच्या टायरची खरी किंमत स्टिकरवर नसते. सकाळी पावणेसातला, आठ वाजता कामावर पोचायचं असताना, वाया गेलेला तास ही ती किंमत. शर्यतीत दहा वॉट मोलाचे असतात. सरावात सलग मिळालेला तास. नोकरी, मुलं, पाण्याचा टँकर यांतून काढलेल्या त्या तासावर टायरने गदा आणली, तर तो कितीही सुंदर पळो.

पण म्हणून अण्णांचा सगळा हिशेब बरोबर ठरत नाही. आणि भाचीला तो कुठे चुकतो हे नेमकं ठाऊक होतं.

"मामा, बोपदेव सांगू का?"

अण्णांनी ट्यूबकडे पाहत पॅच घासायला सुरुवात केली. पॅच घासून झाला होता.

"दोन वर्षांपूर्वी, जुलैत, बोपदेव घाट उतरताना. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं आणि मामा आडवे. कोपर सोललं, हँडलची टेप सोलली. पुढचा टायर तोच, 'विसरून जा' वाला. टणक रबर टिकतं, बरोबर. पण टणक रबर ओल्या रस्त्याला धरत नाही. तुमचे पाच हजार किलोमीटर कुठून येतात? रबर झिजत नाही म्हणून. आणि का झिजत नाही? रस्त्याला चिकटत नाही म्हणून."

"पट्टा ओला होता. त्यावर कुणीही पडलं असतं."

"माझ्या टायरवर कदाचित कमी पडलं असतं."

इथे मी मधे पडलो. "मग नक्षीवाला घेऊ का? खोल खाचांचा? पावसाला?"

दोघांनी एकाच वेळी "नाही" म्हटलं. सबंध सकाळीत त्यांचं एकमत झालेला हा पहिला क्षण. मोटारीच्या रुंद टायरखाली पाणी साठून टायर तरंगतो, म्हणून त्याला खाचा लागतात. सायकलच्या मागच्या चाकावर पन्नास किलो भार आणि 80 पीएसआय दाबाची हवा धरली, तर जमिनीला टेकलेला तुकडा नऊ चौरस सेंटिमीटर भरतो. अण्णांच्या शब्दांत, बंद्या रुपयाहून जरासा मोठा. एवढ्याशा, निमुळत्या, दाबाखालच्या तुकड्याखाली आपल्या वेगाला पाणी राहतच नाही. डांबरावर गुळगुळीत टायरच चांगला. पकड येते ती रबराच्या जातीतून. दुकानातल्या नक्षीचा उपयोग मुख्यतः टायर विकण्यापुरता.

"रुंदी विचारा त्यांना," भाची म्हणाली. "तुमच्या सायकलला आत्ता 25 आहे. 28 बसतो का बघा."

अण्णांनी पिशवीतून चार नंबरचा ॲलन की काढला आणि टायर आणि फ्रेमच्या मधल्या फटीत घालून पाहिला. मग ब्रेकखाली. माझी सायकल आठ वर्षं जुनी, कॅलिपर ब्रेकची. "28 जेमतेम बसेल. 30 नाही. आणि एक लक्षात ठेवा, रिम रुंद असेल तर 28 चा टायर फुगून त्याहून रुंद होतो. आधी एकच आणा, बसवून बघा."

28 बद्दल दोघांमध्ये वाद नव्हता, ही मला त्या दिवसातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट वाटते. रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने भरता येते. कमी दाब म्हणजे गतिरोधकावर कमी आदळआपट, आणि चांगली पकड. मी आजवर टायरच्या कडेला लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा भरत होतो, 120 पीएसआय, कारण लिहिलाय म्हणून. तो कमाल मर्यादेचा आकडा असतो. त्याला सल्ला समजायचं नसतं. माझ्या चौऱ्याहत्तर किलोंना 28 च्या मागच्या टायरमध्ये 80 च्या आसपास आणि पुढच्यात पाच-सहा कमी, असं भाचीने सांगितलं. 120 वर सायकल वेगवान वाटते कारण ती थरथरते. आपल्या रस्त्यांवर टणक टायर उड्या मारतो आणि त्या उड्यांत शक्ती जाते. मात्र फार कमीही नको. खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबला की ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाने डसल्यासारखी. त्याला टायरच्या आतला काटे अडवणारा कुठलाही पट्टा, कुठलंही कापड अडवत नाही.

आता मापाची माझी एक फजिती सांगून टाकतो. पूर्वी एकदा 28 मिलिमीटरचा टायर मागायला मी पेठेतल्या एका जुन्या दुकानात गेलो. "अठ्ठावीसचा द्या," म्हटलं. दुकानदाराने काळा, जाड, बोजड टायर कागदात गुंडाळून दिला. स्वस्त वाटला म्हणून खुशीत घरी आणला. तो दूधवाल्याच्या सायकलचा, 28 इंची होता. त्याच्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर, आपल्या रोड बाइकचा 622. तेरा मिलिमीटरचा फरक, पण रिमवर टायर सैल बांगडीसारखा फिरत होता. तेव्हापासून टायरच्या कडेवर कोरलेला '28-622' असा जोड-आकडा वाचल्याशिवाय मी पाकिटाला हात लावत नाही. पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमचा व्यास. 622 असेल तरच आपला.

अण्णा हसले. "त्याच 28 इंचीवर मी चाळीस वर्षं कामावर गेलो. लुधियानाचा टायर, कधी दगा नाही." मग ते पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसकडे वळले. अण्णा कशावरूनही पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसकडे वळू शकतात. 1891 साली पहिली शर्यत झाली तेव्हा हवेचा टायर रिमला चिकटवलेला असे, पंक्चर म्हणजे काही तासांची खोटी. मिशेलिन बंधूंनी काढता-घालता येणारा टायर आणला, आणि शार्ल तेरोंने त्यावर बाराशे किलोमीटर 71 तासांत, न झोपता, पार करून शर्यत जिंकली.

"बघ, तो टायर पळायचा म्हणून नाही जिंकला. पटकन दुरुस्त व्हायचा म्हणून."

"तेव्हाचा सगळ्यात आधुनिक आणि महाग टायर होता तो, मामा," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा असता तर चिकटवलेलाच घेतला असता."

चहा आला. ट्यूबलेसचा विषय निघाला आणि लगेच संपला: माझ्या जुन्या रिमला तो चालत नाही, आतलं द्रावण काही महिन्यांनी वाळतं, ते पुन्हा भरावं लागतं. परवडणारा म्हणून तर नाहीच.

मी वहीचं पान मागून घेतलं आणि नावं लिहायला सांगितली. अण्णांनी कॉन्टिनेन्टलचा अल्ट्रा स्पोर्ट, व्हिटोरियाचा झफिरो आणि श्वाल्बेचा लुगानो अशी तीन लिहवली, हा सरावाचा खरा वर्ग म्हणून. काटेरी रस्ताच नशिबी असेल तर गेटरस्किन. मग क्षणभर थांबून मॅरेथॉन प्लस म्हणाले, ज्याच्या आत पाच मिलिमीटर जाडीचा रबरी थर असतो. भाचीने ते नाव माझ्या हातून पेन घेऊन खोडलं. "त्यावर जग फिरा. इंटरव्हल करू नका." तिने मधल्या किमतीचा रुबिनो प्रो लिहिला, आणि त्याखाली, लहान अक्षरात, ग्रां प्री 5000, फक्त शर्यतीच्या दिवसासाठी. हे 'फक्त' तिने लिहिलं हे अण्णांनी पाहिलं. बोलले काही नाहीत.

पान घेऊन मी विचार केला. माझ्या सगळ्या पंक्चरी मागे. अण्णांचं पडणं पुढच्या टायरमुळे. पुढचं चाक घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही. मागचं घसरलं तर बहुतेकदा मिळतो. मागचा टायर झिजतो लवकर, पुढचा तसा म्हातारा होत नाही. मग दोन्ही टायर एकाच जातीचे का? मी म्हणालो, "मागे अण्णांचा, पुढे हिचा. मागे जाड पट्ट्याचा, तारेच्या काठाचा, स्वस्त. पुढे मऊ रबराचा रुबिनो. मागचा संपला की मागे तसाच नवा आणायचा."

"छे," अण्णा म्हणाले. "बैलजोडी सारखी हवी. एक खिल्लारी, एक गावठी, असं कोण जुंपतं?"

"काका, दिसेल कसं ते?" भाची म्हणाली. "पुढे एका कंपनीचं नाव, मागे दुसऱ्या?"

तिने टायर रिमवर चढवला, शेवटचा वीतभर भाग अंगठ्यांनी, लिव्हर न लावता, कारण लिव्हरने ट्यूब चिमटते. नाव वॉल्व्हसमोर आणलं. अण्णांनी टायरच्या दोन्ही कडा सगळीकडून दाबून ट्यूब कुठे अडकली नाही ना ते पाहिलं. मग मी पंप मारत राहिलो आणि ते दोघं बैलजोडीवर बोलत राहिले.

पुढच्या रविवारी मी दोन जातींचे टायर लावून पारापाशी पोचलो. दोघांनीही सायकलकडे पाहिलं आणि दुसरीकडे तोंड फिरवलं. निघताना अण्णांनी खिशातून कॅमेऱ्याच्या रोलची आणखी एक काळी डबी काढून माझ्या हातात ठेवली, झाकणावर चिकटपट्टी, तिच्यावर पेनाने तारीख. सहा आठवडे झाले. डबीत एक सराटा आहे, मागच्या चाकातला. त्याचं टोक पट्ट्यापर्यंत पोचून वाकलं होतं. पंक्चर नव्हतं. अण्णा म्हणतात तो मोजायचा. भाची म्हणते मोजायचा नाही.